काकडांचं पाणी

बोटांची टोकं खाजायला लागली की मला कळतं, शेवळांचे दिवस आले. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. दहिवलीच्या नाक्यावर ठाकरवाडीतल्या बायका गोणपाट अंथरून बसतात, समोर जांभळट-हिरव्या कोंबांच्या जुड्या आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर हिरवी काकडं. पंधरा-वीस दिवस हे चालतं, मग संपलं. पुढे वर्षभर कितीही जीव टाकलात तरी शेवळं मिळत नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवळं म्हणजे सुरणाच्या जातीचा कोंब, रानात जमिनीतून सरळ वर येतो. कोवळा असतो तोवरच खायचा. एकदा का फुलला की त्याला मेलेल्या उंदरासारखी घाण सुटते, माशा घोंघावतात. लहानपणी आम्ही नाक दाबून त्याच्या बाजूने पळायचो. आणि कोवळा असला तरी तो गुमान पोटात जात नाही. खाजतो. हाताला खाजतो, जिभेला खाजतो, घशाला तर विचारूच नका. त्यावर उतारा म्हणजे ही काकडं. आवळ्याहून लहान, आंबट-तुरट फळं. ती ठेचायची, उकळायची, कोळून गाळून घ्यायची आणि त्या आंबट पाण्यात शेवळं शिजवायची. भाजीचा रंग मातकट होतो, पण त्याला इलाज नाही. आई म्हणायची, "रंग बघायचा तर साडीचा बघ गं, भाजीचा कसला बघतेस?"

आज सकाळी ओट्यावर चाळणीत शेवळं निथळत होती आणि मला किळस येत होती. शेवळांची नाही, माझी मलाच. दोन वर्षांपूर्वी ह्याच घरात जेवणाच्या टेबलाशी बसून मी एक खोटं बोलले, आणि त्या खोट्यापायी चांगुणाबाईला आमच्या कॉलनीचं फाटक बंद झालं. तिला एकटीला नाही, तिच्या अख्ख्या वाडीतल्या बायकांना. हे लिहितानासुद्धा शिसारी येते. पण लिहिणार आहे.

चांगुणाबाई कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाची. डोंगरातल्या वाडीतून पहाटे खाली उतरायची, टेंपोने दहिवलीला यायची आणि उरलेली पाटी डोक्यावर घेऊन खालापूरच्या रस्त्याला आमच्या कॉलनीपर्यंत चालत यायची. शेवळं, मग कुर्डू, मग करटुली, मग कधी नुसतीच अळूची पानं. मी मूळची दहिवलीचीच, त्यामुळे आमचं जमलं. ती पायरीवर टेकायची, चहा घ्यायची, आणि मी जुडी उलटीपालटी करून बघायला लागले की म्हणायची, "बगा बगा, मास्तरनीवानी बगा."

मास्तरीण मी कधीच नव्हते, बँकेत होते. मुंबईला, फोर्टात. तिथे वृंदा माझ्या शेजारच्या टेबलावर. जीव लावणारी, माझ्या बाळंतपणात डबा पोचवणारी, तेही खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण मी डब्यात सुक्या कोळंबीचे सोडे घातलेली भाजी नेली की वृंदा नाकाला पदर लावायची. "काय मेलं आणलंयस गं आज डब्यात?" सगळे हसायचे. मीही हसायचे. मग मी सोडे नेणं बंद केलं. बटाट्याच्या काचऱ्या, फ्लॉवर, बटाट्याच्या काचऱ्या. अशी कितीतरी वर्षं मी दुपारी बेचव काहीतरी गिळत आले आणि वर म्हणत राहिले की मला साधंच आवडतं.

आणि आता बघा गंमत. त्याच वृंदाला आता सोड्यांचा वास 'खोल' वाटतो. तिच्या नवऱ्याने, अनिरुद्धने, तिला शिकवलंय. अनिरुद्ध निवृत्त झाला आणि खाण्यातला जाणकार झाला. माणूस निवृत्त झाल्यावर बागकाम करतो, देवळात जातो, नातवंडं सांभाळतो. ह्याने जीभ धरली. कुठल्या डोंगरावरचा मध, कुठल्या खाडीचं मीठ, कुठल्या गावची मिरची. आमच्याकडे जेवायला येतो तेव्हा स्वतःचं मीठ एका लाकडी डबीत घेऊन येतो. माझ्या घरी! माझ्या भाजीवर! मी एकदा वरणभात वाढला, तर पहिला घास घ्यायच्या आधी विचारतो, "तांदूळ कुठला?" म्हटलं, आमच्या भावाच्या शेतावरचा, कर्जत तीन. तर घास खाली ठेवून म्हणाला, "नंबर असलेला तांदूळ मी शक्यतो टाळतो." माझा भाऊ चिखलात कंबर मोडून घेतो तो तांदूळ. मी काय केलं? मी म्हणाले, "पोळी देऊ का?"

मला राग येतो तो त्याचा कमी आणि त्या पोळीचा जास्त.

आधी जे खाल्लं म्हणून आम्हाला गावंढळ म्हणायचे, तेच आता आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पूर्वी नाक मुरडायचे, आता नाक खुपसतात. मधे आपण कुठे नाहीच. आपण वाढायचं, आणि त्यांनी आपलं जेवण आपल्याला समजावून सांगायचं.

त्या वर्षी शेवळांच्याच दिवसांत दोघांना जेवायला बोलावलं होतं. रात्रीच्या जेवणाला, पण ते सकाळीच येऊन थडकले, कारण अनिरुद्धला 'सुरुवातीपासून' बघायचं होतं. आम्ही पडवीत चहा घेत असताना चांगुणाबाई पाटी घेऊन आली. अनिरुद्धने चहा ठेवला आणि मोबाइल काढला. पाटीचा फोटो, हाताचा फोटो, हातातल्या बांगड्यांचा फोटो. तिच्या तोंडाकडे मात्र तो बघत नव्हता. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही लोक शेवळं अशीच खाता ना? नुसती? आंबटबिंबट काही न घालता?"

"नुस्ती कशी खानार?" चांगुणाबाई म्हणाली. "काकडं घालायची. नायतर खाजल की."

"नाही, म्हणजे तुमच्याकडे जुन्या काळी? आजी-पणजी वगैरे?"

"आजीला का घसा नवता व्हय?"

मी फसकन हसले. माझा नवरा, सुहास, तोही हसला. अनिरुद्ध हसला नाही. त्याने मान हलवली आणि माझ्याकडे वळून, ती समोर बसलेली असताना, मराठीत, तिला नीट कळेल अशा मराठीत म्हणाला, "बाजारात बसून बसून ह्यांचंही मूळ सुटलंय बघ. तुम्ही दहिवलीकरांनी शिकवलेलं हे. जंगलातली माणसं काकडं घालत नसणार."

चांगुणाबाईने जुड्या मोजून दिल्या. काकडं दिली, वर आणखी मूठभर टाकली, आणि मला म्हणाली, "सगळी घाला ताई. ह्या बारीला लई खाजरी हाईत." मग पाटी उचलून शेजारच्या बंगल्याकडे गेली. मी अनिरुद्धला काही बोलले नाही. पाहुणा आहे, म्हटलं.

दुपारभर मी शेवळं साफ करत होते. हाताला तेल लावायचं, वरची पातळ साल काढायची, बुडाजवळची पिवळी दाणेदार पट्टी खुडून टाकायची. खरी खाज तिच्यातच असते. वृंदा समोर बसून गप्पा मारत होती, हात मात्र लावत नव्हती. काकडं ठेचून, उकळून, गाळून मी पाणी पातेल्यात काढून ठेवलं होतं. सोडे भिजत होते. खोबरं किसलेलं होतं. आईची भाजी मी पहिल्यांदा वृंदाला वाढणार होते. इतक्या वर्षांनी. मला खरंच आनंद झाला होता, हो, वेडीच मी.

संध्याकाळी अनिरुद्ध स्वयंपाकघरात आला. पातेल्यात वाकून बघितलं, बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे घालणार? सगळी चव मारून टाकेल हे. रंग गटारासारखा होईल. अलका, माझं ऐक, आज ओरिजिनल करू. तुपात परतायची, वर माझं मीठ. बास. मी एकांकडे खाल्लीयेत अशी."

"खाजतील रे," मी म्हणाले.

"तो सगळा समज असतो. नीट साफ केली की नाही खाजत. तू केलीयेस ना नीट साफ?"

इथे मला पकडलं त्याने. आता 'खाजतील' म्हणावं तर मला नीट साफ करता येत नाहीत. शिवाय वृंदा म्हणाली, "करू दे गं त्याला. तुझी ती सोड्याची आहेच की नेहमीची." नेहमीची! तिने एकदाही न खाल्लेली. सुहास दारात उभा होता, तो म्हणाला, "अगं, पण चांगुणाबाई सांगून गेली ना?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीसुद्धा.

काकडांचं पाणी मी ओतून दिलं. अनिरुद्धने नाही, मी. माझ्या हाताने, मोरीत. आंबटसर वास आला आणि गेला. आईने मला शेवळं शिकवली तेव्हा मी दहा वर्षांची असेन. तेव्हापासून मला ठाऊक होतं की ह्याशिवाय होत नाही. तरी ओतलं, का तर रंग गटारासारखा होईल. का तर मी गावंढळ ठरेन. ह्या वयात!

पानं घेतली. शेवळं दिसत होती सुंदर, पांढरीहिरवी, तुपात चकाकणारी. अनिरुद्धने फोटो काढले. पहिला घास घेऊन डोळे मिटले, "हे बघ. ही खरी चव." दुसरा घास घेतला. तिसऱ्याला त्याने पाणी मागितलं.

मग सगळ्यांनाच सुरू झालं. घशात कुसळं घुसल्यासारखं. वृंदा खाकरायला लागली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अनिरुद्ध जीभ बाहेर काढून रुमालाने पुसत होता. इतकं ओंगळवाणं दृश्य मी जेवणाच्या टेबलावर पाहिलेलं नाही. लाळ, खाकरा, नाक शिंकरणं. मी धावत कोकमाचं पाणी केलं, गूळ दिला, तूप दिलं. तासाभरात सगळं निवळलं. कुणाला काही झालं नाही. नुसती खाज होती, ती गेली.

आणि खाज गेल्यावर अनिरुद्ध म्हणाला, "त्या बाईने काहीतरी भलतंच दिलंय."

वृंदा म्हणाली, "मिसळतात गं ही माणसं. त्यांना काय, जुडी भरल्याशी कारण."

सुहासने माझ्याकडे बघितलं. आता एवढंच म्हणायचं होतं की काकडांचं पाणी मी ओतलं. फक्त एवढंच. समोर घरी बोलावलेली माणसं, ओशाळलेली, घसा धरून बसलेली, आणि यजमानीण मी. मी म्हणाले, "असेल. जुडीत एखादं दुसरं आलं असेल."

तेवढंच बोलले. ह्या एका वाक्याची जी किळस मला येते ती त्या लाळेचीसुद्धा येत नाही. त्या लाळेत निदान खोटेपणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघताना वृंदा शेजारच्या बाईंशी फाटकापाशी बोलली. दुपारपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर निरोप: टोपलीवाल्या बायकांकडून रानभाज्या घेऊ नयेत, कालच एका घरी पाहुण्यांना विषबाधा झाली आहे. विषबाधा! निरोपाखाली अंगठे, हात जोडलेले, 'थँक्स फॉर शेअरिंग'. एकाने लिहिलं, ह्यांना आत सोडूच नये. सेक्रेटरींनी लिहिलं, वॉचमनला सूचना दिली आहे. मी वाचत होते. मी काहीही लिहिलं नाही.

तीन दिवसांनी वॉचमनचा फोन आला. "मॅडम, ती पाटीवाली आलीय. तुमचं नाव सांगतेय. म्हणते, अलकाताईंना इचारा." फोनमधून मागे तिचा आवाज ऐकू येत होता, "आरं, त्या वळखतात मला, सोड की रं." मी खिडकीतून बघितलं असतं तर फाटक दिसलं असतं. मी नाही बघितलं. म्हणाले, "आज नको आहे काही."

मागच्या वर्षी शेवळांचे दिवस आले आणि मी नाक्यावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरली. घरात शेवळं आणली नाहीत. सुहास एकदा म्हणाला, "तिला जाऊन सांग ना एकदा." मी त्याच्यावरच खेकसले. अनिरुद्ध-वृंदा दोनदा येऊन जेवून गेले. लाकडी डबी टेबलावर, आणि मी वाढतेय. त्याचं तोंड चावताना बघितलं की मला किळस यायची. मग वाटायचं, त्याचं तोंड निदान त्याचंच आहे. माझं कुणाचं?

ह्या वर्षी, परवा, मी नाक्यावर गेले. सरळ तिच्या गोणपाटासमोर जाऊन बसले. चांगुणाबाई म्हातारी दिसायला लागलीय. शेजारी तिची सून बसली होती. मला बघून चांगुणाबाईने जुड्यांवर पाणी शिंपडलं.

"चांगुणाबाई, त्या वेळी घसा खाजला ना माझ्या पाहुण्यांचा," मी म्हणाले, "त्यात तुमची काही चूक नव्हती. मी काकडं घातलीच नाहीत. पाणी ओतून टाकलं."

"ठावं हाय मला."

"ठाऊक आहे?"

"माजी शेवळं हुती. मी खुडलेली. मला नाय कळनार?" तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "मंग आता मला कशाला सांगता? मला ठावंच हाय. ज्यांना ठावं नाय त्यांना सांगा."

मी काहीतरी पुटपुटले, माफी वगैरे. तिला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. "माजं एकलीचं असतं तर आसूं दे म्हनलं असतं. ही माजी सून, हिला सोडत नाय. वाडीतल्या कुनालाच सोडत नाय तो फाटकावरला. म्हनतो, तुमी इष इकता. दोन वर्सं झाली. लेकरं इचारतात, आये, आपुन इष इकतो का गं?"

सून मान खाली घालून जुड्या बांधत होती. मी उठले, बाजूच्या दुकानाच्या फळीवर टेकून कॉलनीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, काहीही न लपवता. मित्रमंडळींच्या ग्रुपवर पण तेच टाकलं. वाटलं, सुटले.

कसली सुटते! कॉलनीच्या ग्रुपवर दोन अंगठे. एक हसरा चेहरा. सेक्रेटरींनी लिहिलं, "नोटेड. पण आता एक शिस्त लागली आहे, पुढच्या मीटिंगमध्ये बघू." खोट्याला मीटिंग लागली नव्हती. आणि मित्रमंडळींच्या ग्रुपवर अनिरुद्ध, हसतमुख: "मी तेव्हाच म्हणत होतो, काहीतरी आंबट हवं होतं. यंदा पुन्हा करू या. त्या मावशींनाच बोलव, मस्त व्हिडिओ होईल."

मी दोनदा वाचलं. मग लिहिलं, "नको. तू यापुढे माझ्याकडे जेवायला येऊ नकोस." वृंदाचा लगेच फोन आला, मी उचलला नाही. ती बाळंतपणातल्या डब्यांची आठवण काढणार, आणि तिचं चुकणार नाही, आणि मला रडू येणार. येऊ दे. पण आता त्या टेबलावर ती लाकडी डबी मला बघवत नाही.

काल मी चांगुणाबाईला आणि तिच्या सुनेला घरी जेवायला बोलावलं. येईनात. "जेवाया?" सून हसली. मी म्हटलं, जेवायला नाही तर मला ऐकवायला या, पण या. त्या आज आल्या. मी फाटकावर जाऊन उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, पाटीवाल्यांना बंदी आहे." म्हटलं, पाहुण्यांना आहे का? त्याने वही पुढे केली. मी दोघींची नावं लिहिली, 'कोणाकडे' मध्ये माझं, आणि 'कशासाठी' मध्ये 'जेवण'. त्याने वही उलटी करून पुन्हा वाचली.

आज काकडं सगळी घातली. भाजी मातकट झाली. दोघी जेवल्या. सून एकदा म्हणाली, "सोडं बरं हाईत." हात धुऊन चांगुणाबाई पायरीवर टेकली, पाटीकडे बघितलं, आणि मला विचारलं, "त्या वहीत तुमी आमाला काय लिवलंत?"

"पाहुण्या."

"मंग आता ही पाटी घेऊन मी गल्लीत फिरू का? का पावनीला ते चालत नाय?"

एकदा बोलावून जेवू घातलं की आपण मोकळे, असंच मी मनात धरलं होतं की काय कोण जाणे. तिला माझं जेवण नको होतं. तिला ही गल्ली हवी होती, जशी होती तशी, प्रत्येक दारात थांबून हाक मारता येईल अशी.

मी चपला घातल्या. "चला," म्हटलं, "मी येते बरोबर." वॉचमन बघत होता, त्याला म्हटलं, बघ आणि सांग सेक्रेटरींना. शेजारच्याच बंगल्यापासून सुरुवात केली. वृंदा फाटकापाशी बोलली होती ती ह्याच बाईंशी. बेल मी वाजवली. त्या बाई बाहेर आल्या, आधी पाटीकडे बघितलं, मग कपाळाला आठी घालून माझ्याकडे. मी म्हणाले, "ही शेवळं चांगली आहेत. त्या दिवशी माझ्या पाहुण्यांचे घसे माझ्यामुळे खाजले. काकडांचं पाणी मी ओतलं आणि खोटं बोलले. चांगुणाबाईने विष विकलेलं नाही." त्या बाईंना ऐकू जायला एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नव्हती. पण माझ्या मागे पायरीखाली सून उभी होती, तिला नीट ऐकू जायला हवं होतं. घरी जाऊन तिला लेकरांना सांगायचं आहे.